विश्लेषण : वारा आहे, पण जागा योग्य आहे का? पवनऊर्जा प्रकल्पाचे ठिकाण नेमके ठरते कसे?

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडे, सांगलीतील ढालगाव, धुळ्यातील ब्राह्मणवेल ही नावे गेली दोन दशके पवनचक्क्यांशी जोडली गेली आहेत. आता तशीच पण कितीतरी मोठी पाती बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील माळरानांवर फिरू लागली आहेत. एकेका गावात सर्वेक्षणाच्या गाड्या येतात, माळावर उंच खांब उभा राहतो, सातबारे मागितले जातात आणि वर्ष-दोन वर्षांत गावाच्या क्षितिजावर मनोरे दिसू लागतात. काही ठिकाणी मात्र भरपूर वारा असूनही प्रकल्प होत नाही. काही ठिकाणी प्रकल्प होतो, पण वाद संपत नाहीत. एकदा उभी राहिलेली पवनचक्की साधारण २० ते २५ वर्षे जागची हलत नाही. त्यामुळे जागा निवडताना झालेली चूक कंपनीला, बँकेला आणि गावाला तितकीच वर्षे सोसावी लागते. ही निवड नेमकी कशी होते, त्यात काय तपासले जाते आणि काय अनेकदा शेवटी आठवते, याचा आढावा.

जोराचा वारा एवढेच पुरेसे का नाही?

पवनचक्कीच्या गणिताचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा दुप्पट नव्हे, आठपट होते. ताशी किलोमीटरऐवजी अभियंते सेकंदाला मीटर हे एकक वापरतात. सेकंदाला ६ मीटर वेगाच्या वाऱ्याच्या तुलनेत ७ मीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे ५९ टक्के अधिक ऊर्जा असते. हाच नियम उलटाही लागू होतो. मोजणीत वेग १० टक्क्यांनी जास्त धरला गेला, तर प्रत्यक्षात हाती येणारी ऊर्जा अंदाजापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी भरते.

म्हणूनच ‘इथे सरासरी वारा इतका आहे’ एवढी माहिती अपुरी ठरते. समजा, एका ठिकाणी वर्षभर सेकंदाला ६ मीटर वेगाने एकसारखा वारा वाहतो. दुसऱ्या ठिकाणी अर्धे वर्ष ३ मीटर आणि अर्धे वर्ष ९ मीटर वेगाने वाहतो. दोन्हीकडे सरासरी ६ मीटरच आहे. पण घनाचा हिशेब केला तर दुसऱ्या ठिकाणच्या वाऱ्यात ७५ टक्के अधिक ऊर्जा निघते. त्यामुळे कोणत्या वेगाचा वारा वर्षात किती तास वाहतो, याचा तक्ता सरासरीपेक्षा महत्त्वाचा असतो.

या सगळ्या ऊर्जेचे विजेत रूपांतर होत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार कोणतीही पवनचक्की वाऱ्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक ऊर्जा काढून घेऊ शकत नाही. शिवाय साधारणपणे सेकंदाला ३ मीटरपेक्षा कमी वाऱ्यात यंत्र वीज देत नाही, ११-१२ मीटरच्या आसपास ते पूर्ण क्षमतेला पोहोचते आणि २०-२५ मीटरच्या वादळी वाऱ्यात सुरक्षेसाठी बंद होते. अर्थात, वादळे येणारी जागा चांगली असे नव्हे. मध्यम ते जोरदार वारा दीर्घकाळ आणि शक्यतो एकाच दिशेने वाहणारी जागा चांगली.

वारा मोजतात कसा?

सुरुवात नकाशापासून होते. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था देशाचा पवन नकाशा तयार करते. त्यावरून कोणत्या तालुक्यात पाहणी करणे फायद्याचे, एवढे कळते. पण नकाशातील एका चौकटीत टेकडी, दरी आणि गाव असे सारे सामावलेले असते. पवनचक्की मात्र एका ठरावीक बिंदूवर उभी राहते.

त्यामुळे पुढचा टप्पा प्रत्यक्ष मोजणीचा असतो. माळावर ताणाच्या तारांनी बांधलेला जाळीचा उंच खांब उभारला जातो. त्यावर वेगवेगळ्या उंचीवर वाटीच्या आकाराचे वेगमापक, दिशादर्शक, तापमान आणि हवेचा दाब मोजणारी उपकरणे बसवतात. दर १० मिनिटांची सरासरी नोंदवली जाते. अलीकडे जमिनीवरून लेझर किंवा ध्वनिलहरी वर सोडून वारा मोजणारी उपकरणेही वापरली जातात. मोजणी किमान एक वर्ष तरी चालावी लागते. कारण महाराष्ट्रात पावसाळ्यातील वारा आणि थंडीतील वारा यांत मोठा फरक असतो. जून ते ऑगस्टमधील नोंदींवरून वर्षाचा अंदाज बांधणे म्हणजे आषाढातील पूर पाहून नदीचे बारमाही पाणी ठरवण्यासारखे आहे.

एक वर्षही पुरेसे नसते. तेच वर्ष नेमके जास्त वाऱ्याचे किंवा कमी वाऱ्याचे असू शकते. म्हणून त्या नोंदी जवळच्या हवामान केंद्राच्या किंवा उपग्रह आणि संगणकी प्रारूपांवर आधारित गेल्या २०-३० वर्षांच्या माहितीशी जोडून पाहिल्या जातात. त्यातून बँकेपुढे दोन आकडे ठेवले जातात. पहिला आकडा म्हणजे अंदाजापेक्षा जास्त आणि कमी वीज मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असलेले उत्पादन. दुसरा आकडा ९० टक्के खात्रीने मिळेल असे उत्पादन. कर्ज देणारे दुसऱ्या आकड्याकडे अधिक बारकाईने पाहतात. दोन्हींत फार अंतर असेल तर मोजणीत काहीतरी कच्चे आहे, असा त्याचा अर्थ होतो.

काही टक्क्यांचा फरक किती महाग पडतो?

पवनचक्की पूर्ण क्षमतेने वर्षभर चालली असती तर मिळाली असती त्या विजेच्या तुलनेत प्रत्यक्षात किती वीज मिळाली, या प्रमाणाला क्षमता वापर गुणांक म्हणतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१० च्या नियमांत वाऱ्याच्या ऊर्जेनुसार राज्यातील जागांचे चार विभाग केले होते. सर्वांत कमी वाऱ्याच्या विभागासाठी हा गुणांक २० टक्के आणि सर्वांत जास्त वाऱ्याच्या विभागासाठी ३० टक्के धरला होता.

हा फरक रुपयांत मांडला तर चित्र स्पष्ट होते. २ मेगावॅटची एक पवनचक्की २० टक्के गुणांकाच्या जागी वर्षाला सुमारे ३५ लाख युनिट वीज देईल. तेच यंत्र ३० टक्क्यांच्या जागी साडेबावन्न लाख युनिट देईल. उदाहरणादाखल युनिटला ३ रुपये दर धरला तर एका पवनचक्कीमागे वर्षाला ५२ लाखांहून अधिक आणि २५ वर्षांत १३ कोटींहून अधिक रुपयांचा फरक पडतो. यंत्र तेच, कर्जही जवळपास तेवढेच. बदलली ती फक्त जागा.

सह्याद्रीचे पठार पवनचक्क्यांना का मानवले?

भारतात व्यापारी वीजनिर्मितीच्या दिशेने पवनचक्क्यांचे पहिले प्रयोग १९८६ च्या सुमारास गुजरात, तमिळनाडू आणि कोकणच्या किनाऱ्यावर झाले. ती यंत्रे ५५ किलोवॅटची होती. पण राज्यात पवनऊर्जेला खरी गती मिळाली ती सह्याद्रीच्या माथ्यावर.

नैऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो. वर चढताना हवेच्या थराला कमी जागा मिळते आणि माथ्यावर त्याचा वेग वाढतो. नळाच्या तोंडावर बोट धरले की पाणी जोराने उडते, तसाच काहीसा हा प्रकार. कोयना जलाशयाच्या वरच्या अंगाला सुमारे १,१५० मीटर उंचीवर असलेले वनकुसवड्याचे पठार त्यामुळेच निवडले गेले. तेथील सडे उघडे आहेत, उंच झाडे नाहीत आणि वाऱ्याची मुख्य दिशा ठरलेली आहे. खिंडीतही असाच परिणाम दिसतो. तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यातील मुप्पंडल हे डोंगररांगेतील खिंडीतून येणाऱ्या वाऱ्यामुळेच देशातील मोठे पवनऊर्जा केंद्र बनले.

उंचीचा एक तोटाही असतो. समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर वर हवा जवळपास १० टक्क्यांनी विरळ होते आणि तितकी ऊर्जा कमी मिळते. पण वाढलेल्या वेगाचा फायदा या तोट्यापेक्षा बराच मोठा असतो. खरी अडचण कड्याच्या टोकाशी येते. उभ्या कड्यावरून वर आलेला वारा गुळगुळीत वाहत नाही, त्यात भोवरे तयार होतात. अशा गढूळ वाऱ्यात पात्यांना सतत हिसके बसतात, बेअरिंग आणि गिअरबॉक्स लवकर खराब होतात. म्हणून कड्याच्या अगदी काठावर उभे राहिल्यावर वारा कितीही जोराचा वाटला, तरी पवनचक्कीची जागा काही अंतर आत घ्यावी लागते. एकाच पठारावर शे-दोनशे मीटरच्या फरकाने उत्पादन बदलते ते यामुळे.

मग आता बीड आणि धाराशिवच का?

बालाघाटच्या डोंगररांगांवरील पठारे सह्याद्रीच्या माथ्याइतकी वाऱ्याची नाहीत. तरीही नवे प्रकल्प तिकडे जात आहेत. याचे कारण मनोऱ्याच्या उंचीत आहे.

जमिनीजवळचा वारा झाडे, घरे, बांध यांच्याशी घासून मंदावतो. जसजसे वर जावे तसतसा तो मोकळा होतो. अभियंते वापरतात त्या ढोबळ सूत्रानुसार सपाट, उघड्या जागी ५० मीटर उंचीवर वाऱ्याचा वेग सेकंदाला ६ मीटर असेल तर १२० मीटरवर तो सुमारे ६.८ मीटर होतो. वेगातील ही वाढ किरकोळ वाटते. पण घनाच्या नियमाने ऊर्जा सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. त्यात पातीही लांब झाली. पात्यांचे वर्तुळ जितके मोठे तितका जास्त वारा पकडला जातो. कमी वाऱ्याच्या जागेसाठी खास मोठ्या वर्तुळाची यंत्रे आता उपलब्ध आहेत.

राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजातही हे दिसते. महाराष्ट्राची पवन क्षमता १०० मीटर उंचीवर सुमारे ४५ हजार मेगावॅट, १२० मीटरवर सुमारे ९८ हजार मेगावॅट, तर १५० मीटरवर सुमारे १ लाख ७४ हजार मेगावॅट आहे. वारा तोच आहे, मोजण्याची उंची बदलली. पूर्वी ज्या जागा नापास ठरल्या होत्या, त्या आता पास होऊ लागल्या. राज्यात प्रत्यक्ष उभारलेली क्षमता मात्र अजून ५ हजार मेगावॅटच्या थोडी पुढेच आहे. म्हणजे जागांचा शोध इथून पुढे वाढणारच आहे.

मराठवाड्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे तिथपर्यंत पोहोचणे सोपे आहे.

रस्ता आणि वीजवाहिनी जागा कशी ठरवतात?

आजच्या मोठ्या पवनचक्कीचे एक पाते ६० ते ७० मीटर किंवा त्याहून लांब असते. ते अखंड न्यावे लागते, तुकडे करता येत नाहीत. इतका लांब ट्रेलर घाटातील वळणावर फिरत नाही. साताऱ्याच्या पठारांवर पूर्वी काहीशे किलोवॅटची छोटी यंत्रे गेली, कारण ती घाटातून नेता येत होती. आजची यंत्रे न्यायची तर वळणे रुंद करावी लागतात, डोंगर कापावा लागतो. त्यानंतर मनोरा उभा करायला शेकडो टन वजन पेलणारी क्रेन आणि तिच्यासाठी सपाट, टणक जागा लागते. बीड-धाराशिवच्या सपाट पठारांवर हा खर्च कमी होतो. तिथे प्रश्न येतो तो काळ्या मातीचा. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती जोत्यासाठी वाईट. त्यामुळे खाली कातळ किती खोल आहे, हे भोके पाडून तपासावे लागते.

दुसरा निर्णायक घटक म्हणजे वीज नेणारी तार. वाऱ्याच्या जागेजवळ पुरेशा क्षमतेचे उपकेंद्र नसेल तर उत्तम जागाही कागदावरच राहते. प्रत्येक पवनचक्कीची वीज आधी प्रकल्पाच्या उपकेंद्रात गोळा होते आणि तिथून उच्चदाब वाहिनीने पारेषण जाळ्यात जाते. ही वाहिनी जितकी लांब तितका खर्च वाढतो आणि वाटेतील शेतकऱ्यांशी मोबदल्याच्या वाटाघाटीही वाढतात. पवनचक्कीची जमीन विकत किंवा भाड्याने घेतलेली असते. तारा मात्र ज्यांचा प्रकल्पाशी काही संबंध नाही अशांच्या शेतावरून जातात. तक्रारींचा मोठा भाग इथूनच सुरू होतो.

उपकेंद्राची क्षमता पाहताना वेळेचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्रात पवनऊर्जेचा मोठा वाटा पावसाळ्यात मिळतो. त्या काळात ढगांमुळे सौरऊर्जा घटते, ही जमेची बाजू. पण त्याच काळात कृषिपंप बंद असल्याने विजेची मागणीही कमी असते. एकाच उपकेंद्रावर बरेच प्रकल्प जोडले गेले असतील तर ऐन वाऱ्याच्या दिवसांत वीज वाहून नेण्याची मर्यादा आड येऊ शकते.

एका पठारावर किती पवनचक्क्या बसतात?

पवनचक्कीमागचा वारा थकलेला आणि घुसळलेला असतो. त्या सावलीत दुसरी पवनचक्की आली तर तिचे उत्पादन घटते आणि झीज वाढते. म्हणून वाऱ्याच्या मुख्य दिशेत पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या साधारण सातपट आणि आडव्या दिशेत पाचपट अंतर ठेवण्याची जुनी पद्धत आहे. व्यास १४० मीटर असेल तर हे अंतर अनुक्रमे ९८० आणि ७०० मीटर होते. प्रत्यक्षात संगणकी प्रारूपावर प्रत्येक यंत्राची जागा पुढे-मागे सरकवून सर्वांत चांगली मांडणी शोधली जाते.

दुसरी मर्यादा माणसांची असते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पवनचक्की वस्तीपासून किमान ५०० मीटर दूर हवी. सार्वजनिक रस्ते, रेल्वेमार्ग, इमारती आणि उच्चदाब वाहिन्यांपासून ठेवायच्या अंतराचेही सूत्र त्यात आहे. मनोऱ्याची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाचा निम्मा व्यास, अधिक ५ मीटर. मनोरा १२० मीटर आणि व्यास १४० मीटर असेल तर हे अंतर १९५ मीटर होते. म्हणजे यंत्र आडवे कोसळले तरी पात्याचे टोक रस्त्यावर पोहोचू नये. सकाळी आणि संध्याकाळी फिरत्या पात्यांची सावली घरांवर लुकलुकते, तीही मोजावी लागते. विमानतळ, हवाई दलाचे तळ आणि रडार यांच्या परिसरात वेगळी परवानगी लागते.

या सगळ्या रेषा नकाशावर मारल्या की वाऱ्याने उत्तम ठरलेल्या जागेतील मोठा भाग गळतो.

‘पडीक’ माळरान खरोखर रिकामे असते का?

सरकारी नोंदीत माळरानाची वर्गवारी अनेकदा ‘पडीक’ म्हणून होते. प्रत्यक्षात तिथे गवत असते, गुरे चरतात, मेंढपाळांचे तांडे येतात आणि माळावरचे पशुपक्षी राहतात.

याचा एक ठोस अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना करणारे मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचे संशोधन २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या जवळपास चौपटीने कमी आढळली. पक्षी घटल्यामुळे पंख्यासारखा रंगीत गळा फुगवणाऱ्या सरड्यांची संख्या वाढली. पण त्या सरड्यांची शरीरस्थिती, तणावाची पातळी, वागणूक आणि रंगही बदलल्याचे दिसले. या सरड्यांच्या प्रजातीला (जीनसला) ‘सरडा’ हा मराठी शब्दच शास्त्रीय नाव म्हणून मिळाला आहे. पवनचक्कीचा परिणाम पात्याला धडकून मरणाऱ्या पक्ष्यांपुरता नसतो, तो अन्नसाखळीत खालपर्यंत जातो, हे या अभ्यासाने दाखवले.

माळढोकचा प्रश्न अधिक बिकट आहे. जड शरीराच्या या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि उडताना तो वीजतारांवर आदळतो. राजस्थान आणि गुजरातमधील त्याच्या अधिवासातील तारा भूमिगत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. त्या टप्प्यावर प्रकल्पांची गुंतवणूक झाली होती आणि पक्षी मोजके उरले होते. अधिवासाचा नकाशा जागा निवडतानाच पवन नकाशावर ठेवला गेला असता, तर हा पेच इतका वाढला नसता.

कायद्याच्या चौकटीत मात्र एक मोकळी जागा आहे. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीतही ते कमीत कमी प्रदूषण करणाऱ्या ‘पांढऱ्या’ गटात आहेत. धूर नाही, सांडपाणी नाही, म्हणून हे योग्यच. पण डोंगरमाथ्यावर रस्ता कापला तर होणारी धूप या वर्गवारीत मोजली जात नाही. भीमाशंकर अभयारण्यालगतच्या डोंगरांवरील पवनऊर्जा प्रकल्पाची नोंद माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात घेतली होती. जंगलतोड, निकृष्ट रस्त्यांमुळे खचणारे उतार आणि खालच्या शेतात जाणारा राडारोडा याकडे समितीने लक्ष वेधले होते. साताऱ्याजवळचे कास पठार हे याच्या उलट उदाहरण. तिथेही माथा उघडा आणि उंच आहे. पण फुलांसाठी प्रसिद्ध असलेले हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत गेले. तिथे वारा किती, हा प्रश्न आता गौण आहे.

गावाचा होकार कुठे बसतो?

तांत्रिक अहवालात जमिनीचा विषय बहुधा दोन-तीन पानांत आटोपलेला असतो. प्रत्यक्षात प्रकल्प सर्वाधिक रखडतात ते इथेच. सातबाऱ्यावर नाव एकाचे, कसणारा दुसरा, वाटणी झालेली पण नोंद नाही, जमीन इनामी किंवा वर्ग दोनची, बाजूला गायरान, वर वनखात्याचा दावा असा गुंता असतो. धुळे जिल्ह्यातील साक्रीच्या डोंगराळ भागात पवनचक्क्या आणि आदिवासींच्या वनजमिनीवरील हक्क यांवरून आंदोलने झाली. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर अशा जागी ग्रामसभेचे मत टाळता येत नाही.

जमीन खरेदीची पद्धतही वादाचे मूळ ठरते. अनेकदा कंपनी थेट शेतकऱ्याकडे जात नाही, मध्ये स्थानिक मध्यस्थ असतात. शेजारच्या बांधावर दुप्पट दर मिळाला हे कळते तेव्हा खरेदीखत झालेले असते. रस्ते, मुरूम, सुरक्षा, वाहने यांची कंत्राटे कोणाला मिळणार, यावरून गावात गट पडतात. बीड जिल्ह्यात हा ताण कोणत्या थराला जाऊ शकतो, ते राज्याने पाहिले आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटी रुपयांच्या खंडणीच्या आड ते येत होते, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. वारा, रस्ता आणि उपकेंद्र या तिन्ही कसोट्यांवर पास झालेल्या जागेवर कायदा-सुव्यवस्था ही चौथी कसोटी असते, हे त्या घटनेनंतर कोणालाच नाकारता येणार नाही.

नव्या जागांऐवजी जुन्याच जागा का वापरत नाहीत?

राज्यातील सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या जागा आज जुन्या, लहान यंत्रांनी अडलेल्या आहेत. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्या बदलण्याचे धोरण जाहीर केले. त्यात २ मेगावॅटपेक्षा लहान यंत्रे बदलण्यास पात्र आहेत आणि देशभरात अशी क्षमता २५ हजार मेगावॅटहून अधिक असल्याचे म्हटले आहे. तिथे वाऱ्याच्या २० वर्षांच्या नोंदी आहेत, उपकेंद्र आहे, जमीन घेतलेली आहे.

पण अडथळेही आहेत. शेजारशेजारच्या पवनचक्क्यांचे मालक वेगवेगळे असतात. चार छोट्या काढून एक मोठी उभारायची तर ती कोणाच्या जागेवर, कोणाच्या नावाने आणि कोणत्या वीज कराराने, हे ठरवावे लागते. घाटातून लांब पाती नेण्याचा प्रश्न राहतोच. कोयनेच्या बाजूच्या पठारांना अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाचा शेजार आहे. त्यामुळे जुनी जागाही नव्या यंत्रासाठी पुन्हा तपासावी लागते.

ग्रामसभेने काय विचारावे?

जागा निवडण्याचा क्रम सर्वसाधारणपणे वारा, वीजवाहिनी, रस्ता, जमीन आणि शेवटी पर्यावरण व गाव असा असतो. शेवटच्या दोन गोष्टी कळेपर्यंत खर्च इतका झालेला असतो की मागे फिरणे परवडत नाही. हाच क्रम बदलण्याची गरज आहे. अधिवास, वनहक्क, वस्ती आणि चराईच्या जागा यांचे नकाशे पहिल्याच महिन्यात तयार करता येतात. त्यांचा खर्च वारा मोजण्याच्या खांबाच्या तुलनेत किरकोळ असतो.

आपल्या शिवारात असा खांब उभा राहिला, तर ग्रामसभेला काही साधे प्रश्न विचारता येतील. प्रत्येक पवनचक्कीची नेमकी जागा दाखवणारा नकाशा कुठे आहे? सर्वांत जवळचे घर किती मीटरवर आहे? वाहिनी कोणाच्या शेतातून जाणार आणि मोबदला कसा ठरणार? रस्त्याचा मुरूम कुठून उचलणार आणि राडारोडा कुठे टाकणार? पावसाचे पाणी वाहून जायच्या जुन्या वाटा अडणार का? जमीन विकत घेणार की भाड्याने, आणि भाड्याने असेल तर २५ वर्षांनी मनोरा व जोते काढण्याचा खर्च कोण करणार? या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळत असतील तर जागेचा अभ्यास नीट झाला आहे, असे समजायला हरकत नाही. उत्तरे मिळत नसतील तर सातबारा हाती देण्याआधी थांबणे गावाच्या हिताचे, आणि खरे तर कंपनीच्याही.